मिशी अजून शाबूत आहे

तो पहिल्यांदा दुकानात शिरला तो पावसातून धावत, डोक्यावर आपलाच पेपर धरून. पेपराची शाई विरघळून कपाळावर ओघळली होती आणि स्वारीला त्याचा पत्ताच नव्हता. सावाको वस्तरा पट्ट्यावर घासत उभी होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसू ओठांत दाबलं.

"केस कापायचेत?"

"अं... हो. केस. म्हणजे — आधी जरा वाळू का?"

"वाळा की. फक्त भिंतीला टेकू नका. आजचा मथळा उमटलाय तुमच्या कपाळावर."

त्याने आरशात पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. नुसते कानच. सावाकोला गंमत वाटली. ती टॉवेल द्यायला पुढे झाली, आणि तेवढ्यात तिला त्याच्या दंडावरची पिवळी पट्टी दिसली. पट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'काईदो स्पोर्ट्स'. तिने टॉवेल मागे घेतला.

"बातमीदार आहात होय! मग बाहेर. या दुकानात बातमीदार नकोत."

यात तिचं फारसं चुकत नव्हतं. कानाझावाच्या त्या चिंचोळ्या, कालव्याकाठच्या गल्लीत गेले कित्येक दिवस अशा पट्ट्यांचा सुळसुळाट झाला होता. कानाझावा क्रेन्स हा शहराचा लाडका बेसबॉल संघ यंदा तळाला गेला होता. मॅनेजरने मान खाली घालून राजीनामा दिला होता, आणि आता नवा मॅनेजर कोण, या एकाच प्रश्नावर सगळ्या क्रीडा दैनिकांची चूल पेटत होती. नाव एकच होतं, गेन्झो तोगाशी. एके काळचा क्रेन्सचा हुकमी पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, आता टीव्हीवर बसून सगळ्यांच्या चुका काढणारा समालोचक, आणि सावाकोचे वडील.

पण खरी बातमी तोगाशी नव्हते. बातमी होती त्यांची मिशी.

क्रेन्समध्ये जुना नियम आहे. खेळाडू असो की मॅनेजर, ओठावर केस चालत नाहीत. तोगाशींना संघाने एका फटक्यात घरी पाठवलं, त्या दिवसापासून त्यांनी वरच्या ओठाला वस्तरा लावू दिला नव्हता. वीस वर्षं झाली. आता ती मिशी झुबकेदार, करडी आणि साऱ्या देशाला ठाऊक झालेली होती. मिशी गेली म्हणजे होकार आला, एवढं साधं गणित. त्यामुळे रोज सकाळी अर्धा डझन बातमीदार दुकानालगतच्या तोगाशींच्या घराबाहेर छत्र्या उघडून उभे राहत. अझुकी नावाचं तांबूस कुत्रं आधी बाहेर येई, मग साखळी, मग तोगाशी. सगळ्यांच्या नजरा एकदम त्यांच्या ओठावर जात.

"तोगाशीसान, काही ठरलं का?"

"अजून काही ठरलेलं नाही," तोगाशी गुरगुरत, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पेपर छापत: मिशी अजून शाबूत आहे.

आणि ती मिशी कोरणारी कात्री याच दुकानात होती. तेव्हा इथे कोण कशासाठी येतं, हे सावाकोला कुणी सांगायला नको होतं.

तो दारापर्यंत गेला. तिथे थांबला. मग त्याने दंडावरची पट्टी सोडवली आणि दाराजवळच्या छत्र्यांच्या कुंडीत टाकली.

"झालं. आता मी फक्त एक भिजलेला माणूस आहे," तो म्हणाला. "मिनोबे. ताकुमा मिनोबे."

सावाकोने कमरेवर हात ठेवले. "एकही प्रश्न विचारायचा नाही. अगदी हवापाण्याचासुद्धा."

"कबूल. मग बोलायचं काय?"

"हा प्रश्न झाला."

त्याने चटकन तोंड मिटलं आणि मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसला. सावाको त्याच्या मागे उभी राहून कात्री चालवू लागली. बराच वेळ नुसता पाऊस आणि कात्री ऐकू येत होती. शेवटी तो आरशातल्या तिच्याकडे बघत, शब्द तोलत म्हणाला, "या दुकानात चहाच्या भाजलेल्या देठांचा वास येतोय. थंडीत असा चहा मिळाला तर माणूस जन्मभर विसरणार नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे."

आता मात्र सावाकोला हसू आवरलं नाही. तिने चहा दिला.

चार दिवसांनी तो दाढी करायला आला. त्यानंतर डोकं धुवायला. मग मानेवरचे केस वाढले म्हणून. दर वेळी दारात पट्टी काढायची, कुंडीत टाकायची, आणि मग आत पाऊल टाकायचं.

"मिनोबेसान, तुमच्या मानेवर आता कापण्यासारखं काही उरलेलं नाही," ती एकदा म्हणाली.

"नीट बघा. माझ्या मते एक केस आहे."

"एका केसासाठी तुम्ही कालव्यापलीकडून आलात?"

"तो फार त्रास देतो. झोप लागत नाही त्याच्यामुळे."

"केसामुळे?"

"केसामुळेच म्हणायचं," तो म्हणाला, आणि आरशात दोघांची नजर एक क्षण... फार नाही, एकच क्षण अडकली. सावाकोने उगाचच कंगवा धुवायला घेतला. तो धुतलेलाच होता.

प्रश्न विचारायची बंदी त्याला होती, तिला नव्हती. म्हणून त्याच्याबद्दल तिला पुष्कळ कळलं. घरी एहिमेला संत्र्यांच्या बागा. वडील अजून विचारतात, खरी नोकरी कधी धरणार. वसंतात एका खेळाडूची बदली सगळ्या पेपरांनी छापली आणि एकट्या काईदोला ती हुकली, ती याच्यामुळे. बातमीदाराच्या जन्मात याहून मोठी नामुष्की नसते. "साहेबांनी सांगितलंय," तो साबणाच्या फेसातून म्हणाला, "तोगाशींची बातमी जर दुसऱ्यांकडे आधी गेली, तर पट्टी टेबलावर ठेवायची."

"आणि तरी तुम्ही इथे येऊन ती कुंडीत ठेवता!"

"इथे फक्त थोड्या वेळासाठी ठेवतो," तो म्हणाला. "आणि इथे ठेवताना बरं वाटतं."

सावाकोने वस्तऱ्यावरचा फेस पुसला. मनातून ती सुखावली होती, आणि त्याच मनातून घाबरलीही होती. हा माझ्यासाठी येतो की मिशीसाठी? रात्री दुकानाबाहेरचा विजेवर फिरणारा रंगीत खांब बंद करताना, सकाळी टॉवेल वाफेवर ठेवताना तिला हाच एक प्रश्न छळायचा. विचारायची मुभा असूनही हा प्रश्न काही तिच्या तोंडून फुटत नव्हता.

इकडे वडिलांची घालमेल तिला दिसत होती. आई गेल्यापासून बाबा घरात नुसते वावरत होते, राहत नव्हते. क्रेन्सकडून विचारणा आली त्या संध्याकाळी मात्र ते दोनदा भात मागून जेवले आणि अंगणात उभं राहून रिकाम्या हाताने चेंडू फेकल्यासारखं करत होते. सावाकोने ते खिडकीतून पाहिलं होतं. बाबांनी हो म्हणावं, एवढं एकच तिला हवं होतं. पण वीस वर्षांचा रुसवा एका विचारणेने कुठे जातो!

आणि त्यातच मास्कचं प्रकरण घडलं.

बाबांना सर्दी झाली. सकाळी ते मास्क लावून कुत्र्याला घेऊन बाहेर पडले. झालं! मास्क कशासाठी? लपवण्यासाठी. काय लपवण्यासाठी? दुसऱ्या एका पेपराचे कुरातासान म्हणजे या धंद्यातले मुरलेले गृहस्थ, त्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, पानभर: 'मिशी उतरली! तोगाशींचा होकार!'

त्या सकाळी तोगाशी दारातून बाहेर आले ते थेट कुरातांसमोर जाऊन उभे राहिले. मास्क खाली ओढला. मिशी होती. नुसती होतीच असं नाही, थरथरतही होती. मग ते शिंकले, असे की अझुकी भुंकू लागली.

"नीट बघा, कुरातासान! मोजून घ्या हवं तर!"

"तोगाशीसान, म्हणजे, मास्क पाहून आम्हाला वाटलं..."

"माझ्या आधी तुम्हीच माझं ठरवता? ऐका सगळ्यांनी. माझं उत्तर क्लबच्या तोंडून, क्लबच्या दिवशी येईल. त्याआधी पुन्हा एक ओळ जरी छापून आली, तर माझं उत्तर 'नाही'. कायमचं."

बाबा एकदा बोलले की बोलले. सावाको दुकानाच्या दारातून ऐकत होती. घोळक्याच्या मागे ताकुमा उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्याचे कान लाल नव्हते, चेहरा गंभीर होता.

दोन-तीन दिवस गेले. एका दुपारी बाबा मागच्या दाराने दुकानात आले आणि काही न बोलता खुर्चीत बसले.

"कोरायची?" सावाकोने कात्री उचलली.

"काढ."

कात्री तिच्या हातातच राहिली.

"तुझी आई म्हणायची, रुसवा संपला की सांगा, मीच उतरवीन," बाबा आरशाकडे न बघता म्हणाले. "तिला नाही थांबता आलं. आता तू उतरव. परवा घोषणा आहे."

सावाकोने घाईघाईने खिडकीचा पडदा ओढला. फेस केला, गरम टॉवेल ठेवला, वस्तरा धरला. डोळे सारखे भरून येत होते आणि भरल्या डोळ्यांनी बापाच्या ओठावर वस्तरा चालवायचा नसतो, म्हणून ती दर वेळी थांबून डोळे पुसत होती. "पुस, पुस. मला घाई नाही," बाबा म्हणत. शेवटचा हात फिरला. फेस पुसला. खालून एक पांढरा, कोवळा, अनोळखी ओठ निघाला. बाबांनी आरशात पाहिलं आणि लहान मुलासारखे लाजले.

या सगळ्या गडबडीत सावाको एक गोष्ट विसरली. दाराबाहेरचा लाल-पांढरा-निळा खांब तसाच फिरत होता. खांब फिरतोय म्हणजे दुकान उघडं आहे, हे कानाझावातलं शेंबडं पोरही जाणतं.

दार सरकलं.

ताकुमाचा एक पाय आत होता. हात पट्टीच्या गाठीवर होता, पण गाठ अजून सुटलेली नव्हती. समोर आरसा, आरशात तोगाशी, आणि तोगाशींच्या ओठावर काहीच नाही.

बाबांनी टॉवेल तोंडावर धरला, पण आता त्याचा काय उपयोग! सावाकोच्या मनात एकच विचार आला, पट्टी दंडावर आहे. पट्टी अजून दंडावरच आहे.

ताकुमाने सावकाश गाठ सोडली. पट्टी कुंडीत टाकली. कमरेत खाली वाकून नमस्कार केला.

"दुकान बंद दिसतंय," तो म्हणाला. "मी... नंतर येईन."

आणि तो पावसात निघून गेला. पट्टी न घेताच.

"कोण गं हा?" बाबांनी टॉवेलातून विचारलं.

"काईदोचा बातमीदार," सावाको म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"मग संपलं सगळं," बाबा म्हणाले.

सकाळी ती उजाडता उजाडता कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि होते नव्हते तेवढे सगळे क्रीडा पेपर उचलून आणले. काईदो शेवटी उघडला. उघडवेना, पण उघडला. पहिल्या पानावर सुमो होतं. दुसऱ्या पानावर गोल्फ. तिसऱ्या पानावर, अगदी तळाला, क्रेन्सच्या मैदानावरच्या गवताची बातमी होती. मिशी नव्हती. तोगाशींचं नावसुद्धा नव्हतं. सावाको त्या गवताच्या बातमीवर डोकं टेकून हसली की रडली, हे तिचं तिलाच माहीत.

तासाभराने बाबा मास्क लावून कुत्र्याला घेऊन निघाले. बातमीदारांनी मास्ककडे पाहिलं आणि सगळ्यांनी कुरातांकडे पाहिलं.

"सर्दी!" कुराता ठामपणे म्हणाले. "सर्दीच आहे. माझ्याकडे काय बघता?" आणि सगळ्यांनी तेच लिहून घेतलं. त्या घोळक्यात ताकुमा नव्हता.

घोषणा झाली ती एका हॉटेलच्या मोठ्या दालनात. सावाकोने दुकानातल्या टीव्हीवर पाहिली. गिऱ्हाईक फेस लावून बसलं होतं आणि तेही तिच्याबरोबर बघत होतं. बाबांनी क्रेन्सची टोपी घातली, आणि कॅमेऱ्यांचा लखलखाट झाला. पहिलाच प्रश्न कुरातांचा, "मिशी कधी उतरवलीत?"

"परवा दुपारी. माझ्या मुलीच्या दुकानात," बाबा म्हणाले. मग ते थोडं थांबले. नको बाबा, सावाको पुटपुटली. पण बाबा एकदा बोलायला लागले की... "तुमच्यातल्या एकाने ती उतरलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. त्याने छापली असती, तर मी आज इथे नसतो. काईदोच्या त्या पोराला सांगा, तुझी पट्टी छत्र्यांच्या कुंडीत पडलीय. येऊन घेऊन जा."

दालनात हशा पिकला. कॅमेरा वळला. मागच्या भिंतीला चिकटून ताकुमा उभा होता आणि त्याचे कान अख्ख्या देशाला लाल दिसत होते. बाबांनी त्याची स्तुती केली होती, शंकाच नाही. पण त्याचा साहेबही टीव्ही बघत असणार, हे त्या भोळ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गल्ली रिकामी होती. छत्र्या नाहीत, कॅमेरे नाहीत. अझुकीने दारातून बाहेर येऊन इकडेतिकडे पाहिलं आणि कुणीच कौतुक करेना म्हणून परत आत गेली. ताकुमा आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. शहरातल्या मोठ्या बागेतल्या पाइनच्या झाडांना हिमाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून दोर बांधायला सुरुवात झाली. हवा बोचरी झाली. सावाको रोज कुंडीत डोकावायची. पिवळी पट्टी छत्र्यांच्या पाण्यात भिजत पडली होती. ती तिने काढून, धुऊन, वाळवून पुन्हा तिथेच ठेवली.

मिशी संपली, आता त्याला इथे यायचं कारणही संपलं, तिने मनाला समजावलं. मन काही समजलं नाही. तो तिला आवडत होता, एवढंच खरं होतं, आणि हे कळायला गल्ली रिकामी व्हावी लागली होती.

तो आला तेव्हा पुन्हा पाऊस होता. या वेळी छत्री होती. दारात थांबून, सवयीने त्याचा हात दंडाकडे गेला, आणि तिथे काहीच नाही हे लक्षात येऊन खाली आला. ओठावर आणि गालांवर खुंट वाढले होते.

"ऑफिसला पट्टी परत द्यायचीय," तो म्हणाला. "ती न्यायला आलो."

"कुंडीत आहे," सावाको म्हणाली. "काढून टाकलं तुला?"

'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, तिला कळलं नाही. त्याला मात्र कळलं.

"काढलं नाही. क्रेन्स काढून घेतलं. आता शाळांचं बेसबॉल. गावोगावची मैदानं, चिखल, मुलांच्या आयांनी केलेले भाताचे गोळे." तो हसला. "साहेब म्हणाले, तुझ्यासारख्या मूर्खाला तिथे लपवण्यासारखं काही सापडणार नाही."

"छापायचं होतंस ना मग! पट्टी दंडावर होती तुझ्या. मी पाहिली. तू तेव्हा बातमीदारच होतास."

"पाय आत होता," ताकुमा म्हणाला.

तेवढंच म्हणाला. सावाकोच्या मनातला तो छळणारा प्रश्न, जो तिने कधी विचारला नव्हता, त्याचं उत्तर तिला मिळालं होतं. तिने वळून उगाच टॉवेल सारखे केले, कारण चेहरा लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

"मला एक प्रश्न विचारायचाय," तो मागून म्हणाला. "नियम मोडून."

"...विचार."

"मला तू आवडतेस, सावाको. केस, मान, चहा, ती सगळी निमित्तं होती. आता निमित्त उरलं नाही, म्हणून सरळ विचारतो. माझ्याबरोबर... तुला चालेल का? कायमचं?"

पाऊस पडत होता. खांब फिरत होता. सावाको वळली, हाताची घडी घातली, आणि बाबांसारखाच आवाज जड करून म्हणाली, "अजून काही ठरलेलं नाही."

त्याचा चेहरा असा पडला की तिला राहवेना.

"उभा काय राहिलास? बस खुर्चीत. काय अवतार केलायस! मिशी ठेवतोयस की काय?"

"ठेवावी म्हणत होतो. तोगाशीसानांची गेली, तर गल्लीत एक तरी..."

"मुळीच नाही. मिशीवाला महिन्यातून एकदा येतो. बिनमिशीच्याला रोज यावं लागतं." असं म्हणून तिने वाफाळता टॉवेल त्याच्या तोंडावर ठेवला, डोळे, गाल, सगळं झाकून. मग खाली वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "ठरलंय. कधीचंच ठरलंय. पण अधिकृत घोषणा होईपर्यंत छापायचं नाही."

टॉवेलाखाली काहीतरी हललं. बहुतेक हसू असावं. टॉवेलाबाहेर आलेलं कानाचं टोक लालबुंद झालं.

"घोषणा कधी आहे?" मागच्या दारातून बाबांचा आवाज आला. "नाही, मला आपलं वेळापत्रक बघावं लागेल. सराव शिबिर आहे."

"बाबा!"

"अझुकीला फिरवून आणतो," बाबा म्हणाले, आणि मागचं दार लागलं.

सावाको पुढच्या दारापाशी गेली. या वेळी ती विसरली नाही. हात लांबवून तिने फिरत्या खांबाचं बटण बंद केलं.